झिरोच्या खाचरातला सिपरनस

भातातले मासे बघायला अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात चाललोय म्हटल्यावर पेणचा मामा हसला. "वलगणीला ये की इकडे, बांधावर बसून धर." त्याचंही खरंच. पण वलगणीचा मासा पहिल्या पावसात आपला आपण चढून येतो. झिरोतले अपातानी जमातीचे शेतकरी मासा विकत आणून सोडतात आणि सांभाळतात, तेही दीड हजार मीटर उंचीवर.

एप्रिल-मेमध्ये लावणी होते. रोप धरलं की दहाएक दिवसांनी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची. हा मासा म्हणजे आपल्या धरणांवरचा सिपरनस, म्हणजे कॉमन कार्प. खाचराच्या मधोमध चर खणलेला असतो. पाणी उतरलं की मासे तिथे गोळा होतात. बाकी वेळ भाताच्या बुडख्यांत फिरून किडे, शेवाळ खातात, आणि त्यांची विष्ठा खत म्हणून कामी येते. बैल-नांगर नाही, सगळं कुदळीवर. बांधही वाया घालवत नाहीत, त्यावर नाचणी.

तीच नाचणी चुकवताना होंग गावाजवळ माझा पाय घसरला. बांधाचं ढेकूळ सुटलं आणि पाणी खालच्या खाचरात धावलं. निंदणी करणारी एक बाई आली, ओरडली नाही. चार ओंजळी चिखल थापून भगदाड बुजवलं आणि तडक बांधातल्या बांबूच्या नळीकडे गेली. नळीच्या तोंडाशी कामट्यांची जाळी असते. तिला अडकलेलं गवत तिने काढलं. गवतात बोटभर मासा वळवळत होता, तो परत पाण्यात. "पानी गया तो मछली गया," एवढंच म्हणाली. मासे पाळणं म्हणजे तिथे पाण्याची पातळी राखणं, हे मला तेव्हा कळलं. वरच्याचं पाणी खालच्याकडे जातं, त्यामुळे एकट्याने राखून भागत नाही.

माशांच्या जाती मोजायला मात्र जाऊ नका. पाटाच्या पाण्याबरोबर थोडे गावठी मासे येतात म्हणे, पण मी पाहिलेल्या टोपलीत सगळे सिपरनसच. मळवे, शिवडे, मरळ एकाच शेतात बघायचे तर मामाच बरोबर.

जाणाऱ्यांनी इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा परवाना) ऑनलाइन आधीच काढावं. गुवाहाटीहून रात्रीच्या दोनी पोलो एक्सप्रेसने सकाळी नाहरलगुन, तिथून शेअर सुमो. अंतर शंभरेक किलोमीटर, पण पावसाळ्यात दरड कोसळली की हिशेब संपला. एक दिवस हाताशी ठेवा. लावणी बघायची तर मे, मासे काढताना बघायचे तर सप्टेंबर. सप्टेंबरअखेरीस संगीत महोत्सव असतो, तेव्हा होमस्टे मिळणं कठीण. हिंदी सगळीकडे चालते. बांधावर चढण्याआधी मालकाला विचारा, आणि सँडल नको. गमबूट घाला.

मासा छोटा आणि काटेरी असतो. घाईत जेवू नका.