बोटीचं कव्हर: कापड चांगलं होतं, दोरा संपला होता

बोट जुनी घेतली, तेव्हा कव्हरही सोबत आलं. वर काळे ठिपके, मधोमध लोंबलेलं पोट आणि आत कायमची ओल. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, टाकून द्या, नवीन शिवून घ्या. मला ते पटत नव्हतं. कापड चिमटीत धरून दोन्हीकडे जोरात ओढलं तरी जरासुद्धा फाटत नव्हतं. ते कव्हर आज पुन्हा बोटीवर आहे. त्यासाठी काय काय करावं लागलं ते लिहितो, कारण चांगलं कापड विनाकारण फेकलेलं मला बघवत नाही.

कव्हर कशाचं आहे हे आधी बघितलं. आमचं ॲक्रिलिकचं निघालं, सनब्रेला ब्रँडच्या कापडाच्या जातीचं. यात धागा तयार होतानाच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हाने सहसा विटत नाही आणि बेताच्या ब्लीचनेही उडत नाही. सुती कॅनव्हासला किंवा पीव्हीसीचा थर दिलेल्या कापडाला ही मोकळीक नाही. हे कापड हवा खेळू देतं, म्हणून आतला दमटपणा बाहेर पडतो. मात्र ते पूर्ण जलरोधक नसतं. त्याच्यावरच्या लेपामुळे थेंब घरंगळून जातात, आणि लेप झिजला की पाणी मुरायला लागतं.

शिवायला म्हणून कव्हर घेऊन गेलो ते बोटींच्या गाद्या आणि छतं शिवणाऱ्या एका काकांकडे. त्यांनी कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ शिवण धरली, नखाने एक टाका उचलला. तो कट्‌कन तुटला. दुसरा उचलला, तोही तुटला. म्हणाले, "अहो, कापडाला काही झालेलं नाही. दोरा मेलाय. ऊन आधी दोराच खातं." पॉलिस्टरचा दोरा उन्हात कापडाच्या कितीतरी आधी कमजोर होतो. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा दोरा उन्हाला दाद देत नाही, पण महाग असतो. काकांनी वरच्या, सतत उन्हात असणाऱ्या शिवणी पीटीएफईने मारल्या आणि बाजूच्या पॉलिस्टरने. सुई जुन्याच भोकांतून घातली, कारण प्रत्येक नवं भोक म्हणजे पाण्याला नवी वाट.

पण शिवायच्या आधी धुणं. त्यांनी तसं बजावूनच परत पाठवलं होतं, मळकं कापड मशीनखाली घ्यायचं नाही म्हणून. कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने झटकली. पक्ष्यांची विष्ठा खरवडली नाही, ओल्या फडक्याखाली फुगू दिली, मग ती आपोआप सुटली. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण. कढत पाणी नको, ॲक्रिलिक आटतं. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. त्याने लेप निघतो आणि शिवणीची भोकं मोठी होतात.

काळे ठिपके बुरशीचे होते. ॲक्रिलिकवर बुरशी कापड खाऊन वाढत नाही, त्यावर साठलेल्या मळावर वाढते. म्हणून नुसतं ब्लीच मारून भागत नाही, मळ निघायलाच हवा. ४ लिटर पाण्यात साधारण २५० मिली ब्लीच आणि ६० मिली साबण असं मिश्रण केलं, डागांवर लावून पंधराएक मिनिटं ठेवलं, ब्रश फिरवला आणि मग भरपूर पाण्याने धुतलं. हातमोजे हवेतच, आणि ब्लीचमध्ये या सौम्य साबणाखेरीज दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघू शकतो. खळबळून धुण्यात कंजुषी करू नका. मागे राहिलेलं ब्लीच दोऱ्याला घातक. वाळवलं ते बोटीवरच ताणून, सावलीच्या वाऱ्यात.

शिवण झाल्यावर कापडासाठीचा पाणी झटकणारा फवारा मारला, पातळ दोन हात, मधे पूर्ण वाळू देऊन. दुसऱ्या दिवशी हाताचं बोट पाण्यात बुडवून कापडावर एक थेंब टाकला. तो पसरला नाही, गोल मणी होऊन कडेला गेला. मला फार बरं वाटलं.

तरीही खरी काळजी उताराची घ्यायला हवी, असं माझं ठाम मत झालंय. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि सरासरी १० सेंटिमीटर खोल खळग्यात २०० लिटर पाणी मावतं, म्हणजे २०० किलो. तेवढं वजन लोंबत राहिलं तर कुठलंही कापड ताणलं जाणार, मग खळगा आणखी खोल आणि पाणी आणखी जास्त. आम्ही कमी-जास्त उंची करता येणारे टेकू लावले, त्यांच्या डोक्यावर रुंद टोप्या घातल्या आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत खालून एक पट्टा ताणला. पाणी आता दोन्ही बाजूंनी निथळतं. हवेसाठी झरोके बसवले, आणि काचेचे कोपरे जिथे घासतात तिथे आतून दुहेरी ठिगळं लावली. वाऱ्यात सैल कव्हर फडफडत राहिलं की कापड तिथेच विरतं.

खाऱ्या पाण्यातून आलो की टिचबटणं आणि चेन गोड्या पाण्याने धुतो, चेनीला थोडं मेण लावतो. टिचबटण उघडताना बटणाशेजारीच हाताचं बोट घालायचं, कापड धरून हिसका मारायचा नाही. आणि ओलं कव्हर कधीच घडी घालून ठेवायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. बाजूच्या शिवणींचे टाके मी अधूनमधून नखाने उचलून बघतो. ते तुटायला लागले की तिथेही काकांकडून पीटीएफईच घालून घेणार आहे.