भिंतीच्या अलीकडची रांग

येरवडा मध्यवर्ती कारागृहाजवळ मी काही वर्षे भाड्याने राहत होतो. पत्ता सांगताना ‘जेल रोड’ हे शब्द इतक्या सहज तोंडी येत की त्यातला जेल ऐकू येणे केव्हाच बंद झाले होते. १८७१ साली बांधलेल्या या तुरुंगाला आता शहराने चारही बाजूंनी वेढले आहे. भिंतीलगतच्या इमारतींच्या उंचीवर सुरक्षेपोटी निर्बंध असल्याने परिसरातल्या घरमालकांना तुरुंग आठवतो तो बहुधा बांधकामाची परवानगी काढताना. पाहुणे आले की आम्ही त्यांना १९३२ च्या पुणे कराराची हकिकत सांगायचो. मुलाकतीसाठी थांबलेली माणसे मात्र कोणी दाखवत नसे.

त्यांत बायका अधिक असत. कडेवर मूल, हातात कपड्यांची पिशवी. घरातला कमावता माणूस आत गेला की त्याची मजुरी थांबते, वकिलाची फी सुरू होते, आणि प्रत्येक भेटीपायी बाईचाही एक रोज बुडतो, शिवाय गाडीभाडे वेगळे. त्यातून देशातल्या तुरुंगांमधील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी असल्याचे २०२२ ची सरकारी आकडेवारी सांगते. म्हणजे गुन्हा शाबीत होण्याआधीच घराने दंड भरायला सुरुवात केलेली असते.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ साली मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने ती वसवली. तेथे उंच भिंती नाहीत; बंदी शेती करतात आणि कुटुंबासह राहतात. माणसाला घरापासून न तोडताही शिक्षा देता येते, हे एका छोट्या संस्थानाला तेव्हा सुचले होते. परंतु ही सवलत शिक्षा झालेल्या आणि वर्तन चांगले असलेल्या निवडक बंद्यांनाच मिळते. ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही, त्याला बायकामुलांसोबत राहायचे असेल तर जामीन मिळवावा लागतो किंवा आधी दोषी ठरावे लागते. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेलही, मला मात्र ते आजवर पटलेले नाही.

एकदा संध्याकाळी बसथांब्यावर एका बाईंनी मला मराठवाड्याच्या गाड्या कुठून सुटतात, असे विचारले. शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला हलवल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. मागच्या खेपेला, त्या म्हणाल्या, दिरांनी आणले होते, आता तेही येत नाहीत.