केळ्यातला दोरा

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात वेलची केळ्यांची फणी आणि जी-नाईन केळ्यांचा डझन शेजारी शेजारी असतात. भाव दोघांचा विचारतात, बिया कुठे गेल्या हे कुणी विचारत नाही. केळं आडवं कापा, मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. न झालेल्या बियांची एवढीच खूण उरली आहे. जी-नाईनच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा त्रिक 33. बी धरायला जोड्या लागाव्या लागतात आणि तिघांत एक उरतोच. वेलचीत संच दोनच, पण दोन वेगळ्या रानकेळींचे. जोडी आहे, सूत जमत नाही.

म्हणून वंश चालतो तो मुनव्यावर, म्हणजे बुंध्याला फुटणाऱ्या कोंबावर. बुंध्याशेजारचा अरुंद पानांचा तलवारी मुनवा खणायचा, दुसरीकडे लावायचा, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं आणायची. केळ तीच, जागा नवी. सोय मोठी, धोकाही तेवढाच: पूर्वी जगभर विकलं जाणारं ग्रो मिशेल हे वाण 1950 च्या दशकात एका बुरशीपुढे बागाच्या बागा गमावून बसलं. एकाला जी झेपली नाही, ती सगळ्यांनाच झेपली नाही.

हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दोरा, म्हणजे डीएनए, ओट्यावर बघता येतो. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग चांगला कुस्करा. अर्धी वाटी पाण्यात पाव चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड अलगद मिसळून ते केळ्यात घाला, दहा मिनिटं ठेवा. साबण पेशीची स्निग्ध आवरणं फोडतो. मीठ डीएनएवरचा ऋणभार झाकतं, म्हणजे धागे एकमेकांना ढकलत नाहीत. ढवळताना घाई नको, फेस झाला की पुढे काही दिसत नाही. मलमलीतून गाळा, पिळू नका, नाहीतर गर खाली उतरतो.

आता अरुंद पेल्यात गाळलेलं पाणी घ्या आणि मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाटली घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये गार केलेलं, तेवढंच, काठावरून हळूच ओता. गॅस बंद हवा. सॅनिटायझरच्या जेलने हे होत नाही. ठाण्याच्या उकाड्यात कोमट झालेलं अल्कोहोल वापरलं तर तंतू कमी दिसतात, आणि भसकन ओतलं तर थर मिसळतात आणि प्रयोग फसतो. जमलं तर दोन थरांच्या सीमेवर पांढरट तंतू वर येतात. दिसायला, स्पष्टच सांगायचं तर, शेंबडासारखे.

तो निव्वळ डीएनए नव्हे, फळातलं चिकट पेक्टिन आणि प्रथिनंही त्यात अडकलेली असतात. डीएनएचा एकेक रेणू 2 नॅनोमीटर जाडीचा. केस त्याच्या हजारो पट जाड. दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. टूथपिकवर गुंडाळून अल्कोहोलच्या बाटलीत ठेवला तर टिकतो, पाण्यात टाकला तर हळूहळू विरघळतो. उरलेल्या अर्ध्या केळ्याचं शिकरण करा, पेल्यातलं मात्र कुणी चाखू नये.