डिस्कवाला की बिनडिस्कचा

नाताळच्या आधीचा शुक्रवार म्हापशाच्या बाजारपेठेत कसा असतो, हे बार्देशकरांना सांगायला नको. आठवड्याचा बाजार, मयड्याच्या केळ्यांचे घड, रंगीत नक्षत्रांच्या दुकानांपुढची गर्दी आणि त्यातूनच वाट काढत आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरणारी माणसे. व्हिडिओ गेमचे काउंटर माझ्याकडे आहे. एरवी तिथे कॉलेजची मुले येतात आणि ती व्हिडिओ पाहून सगळे ठरवूनच आलेली असल्यामुळे त्यांच्याशी फार बोलावे लागत नाही. दिवाळीपासून नाताळापर्यंत मात्र जे येतात त्यांना स्वतःला खेळायचे नसते, त्यांना भेट द्यायची असते. आईवडील, मामा, आत्या, आखातातून किंवा जहाजावरून सुट्टीवर आलेले बाप अशा या मंडळींचे प्रश्न दोनच असतात: कितीला, आणि यातला चांगला कोणता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, खोक्यात सापडत नाही, ते ज्या घरात तो जाणार त्या घरात सापडते. पण गर्दीच्या दिवशी एवढे ऐकून घ्यायला गिऱ्हाइकाला सवड नसते आणि खरे सांगायचे तर विक्रेत्यालाही नसते.

2024च्या डिसेंबरात 20 तारखेला दुकान उघडल्या उघडल्या जे गृहस्थ आले, ते या दोनपैकी एकही प्रश्न न विचारता काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले, पिशवीतून चष्म्याचे घर, एक भिंग आणि घडी घातलेला कागद काढून त्यांनी समोर मांडला. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून, वाळपईहून सकाळची बस धरून ते आले होते. मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता आणि एप्रिलशिवाय घरी येणार नव्हता. बारा वर्षांचा नातू आणि आठ वर्षांची नात यांच्यासाठी नाताळच्या सुट्टीत काय घ्यावे, हे मुलाने व्हॉट्सॲपवर कळवले होते आणि मास्तरांनी तो निरोप वळणदार अक्षरात कागदावर उतरवून आणला होता: ‘प्लेस्टेशन 5, डिजिटल एडिशन, 44,990 रुपये.’

माल शिल्लक होता. दोन मिनिटांत बिल झाले असते. मी खोके काढून ठेवले, तर मास्तरांनी त्याच्या शेजारचे दुसरे खोकेही मागून घेतले आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून भिंगाने वाचायला सुरुवात केली.

“यात आणि त्यात दहा हजारांचा फरक आहे. तो कशाचा?”

“डिस्क ड्राइव्हचा, सर. आतले यंत्र तेच, साठवणही तीच 1 टीबीची. पण 54,990 वाल्यात खेळाची डिस्क घालता येते. डिजिटलमध्ये प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो.”

“केवढा असतो एक खेळ?”

त्या दिवशीची सगळी चौकशी या प्रश्नापासून फाटे फोडत गेली. आजकालचे मोठे खेळ 50 जीबीपासून 100 जीबीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातात, असे मी सांगितले. घरी वायफाय आहे का, असे विचारले तर नाही म्हणाले. सुनेच्या फोनला रोज 2 जीबीचा पॅक, त्यावरच घर चालते आणि रेंजही अंगणाच्या एका कोपऱ्यात बरी मिळते. मास्तरांनी कागद उलटा केला आणि एक खेळ 90 जीबीचा धरून 90 भागिले 2 असे गणित मांडले. “पंचेचाळीस दिवस,” ते म्हणाले, “आणि तेही घरात दुसऱ्या कोणी फोनला हात लावला नाही तर. नाताळची सुट्टी संपून मुलांच्या चाचण्या लागतील.”

इतकी वर्षे या काउंटरवर उभे राहून मी डिस्क आणि डिजिटल यांतला फरक कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितला असेन, पण दिवसांच्या हिशेबात तो असा कोणी मांडलेला पाहिला नव्हता.

मास्तरांनी तिथूनच मुलाला फोन लावला. जहाज कुठल्याशा बंदरात असावे, कारण फोन लागला. मुलाचे म्हणणे मलाही ऐकू येत होते: बाबा, आता डिस्क कोण वापरतो, सगळे जग डाऊनलोड करते. मास्तर शांतपणे म्हणाले, “जग वाळपईच्या पलीकडे राहत नाही, आम्ही राहतो,” आणि मुलाने हसून निर्णय त्यांच्यावर सोपवला. जाता जाता त्याने, हवे तर दुबईहूनच घेऊन येतो, असेही सुचवले. तेव्हा मला मध्ये बोलावे लागले. प्लेस्टेशन 5च्या खेळांच्या डिस्क कुठल्याही देशातल्या चालतात, पण यंत्राची वॉरंटी जिथे घेतले तिथलीच असते. आखातातून आलेला कन्सोल बिघडला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या लोकांची तोंडे पाहवत नाहीत.

पैशाचा विचार मास्तरांनी सोडलेला नव्हता. यापेक्षा स्वस्त काय, असे त्यांनी विचारलेच. एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त आणि आटोपशीर आहे, महिन्याची वर्गणी भरून पुष्कळ खेळ खेळता येतात आणि पणजीत किंवा पर्वरीत फायबरचे वेगवान इंटरनेट असलेल्या घरासाठी मी तो बेलाशक सुचवतो, पण त्यात डिस्कची सोयच नाही. निन्टेन्डोचा स्विच आठ वर्षांच्या मुलीला सर्वांत जास्त आवडला असता. लहानांसाठी आणि एकत्र बसून खेळण्यासाठी त्याच्याइतके खेळ दुसऱ्या कुणाकडे नाहीत, हे माझे प्रामाणिक मत आहे. तरी त्या कंपनीने भारतात स्विचची अधिकृत विक्री सुरू केलेली नसल्यामुळे इथे मिळतो तो आयात करणाऱ्यांच्या भरवशावर. मास्तरांनी दोन्ही नावे कागदावर लिहिली आणि दोन्हींवर रेघ मारली.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो कॉलेजची मुले कधीच विचारत नाहीत. “डिस्क विकत घेतली तर ती आपली. ते डाऊनलोड केलेले कोणाचे?” मी म्हटले, तांत्रिकदृष्ट्या कंपनीचेच, आपल्याला वापरायचा परवाना मिळतो. तो आपल्या खात्याला बांधलेला असतो, दुसऱ्याला देता येत नाही की विकता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा करून दुकानदारांना हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले होते, आणि एक्सबॉक्स 360 या जुन्या कन्सोलचे ऑनलाइन दुकान त्याच वर्षी 29 जुलैला नव्या खरेदीसाठी बंद झाले होते. मास्तरांना यात फारसे आश्चर्य वाटले नाही. उलट डिस्कच्या बाजूने आणखी एक मुद्दा मिळाला म्हणून ते खूश दिसले. त्यात मी भर घातली की प्लेस्टेशन 4चे जवळपास सगळे खेळ या यंत्रावर चालतात, आणि ज्यांनी ते जुने यंत्र विकून टाकले त्यांच्या डिस्क म्हापशात सेकंडहँड फार थोडक्यात मिळतात. दहा हजारांचा फरक अशा पाच-सहा डिस्कमध्ये भरून निघतो.

आता डिस्कवाल्याचे बिल करावे म्हणून मी पावतीपुस्तकाकडे वळलो, तेवढ्यात मास्तरांचे भिंग त्या खोक्यावरच्या एका बारीक ओळीवर थांबले. डिस्क ड्राइव्ह आणि कन्सोल यांची पहिल्यांदा जोडणी करताना इंटरनेट लागते, अशा अर्थाची ती ओळ होती. नव्या सडपातळ मॉडेलमध्ये ड्राइव्ह सुटा करता येतो, म्हणून तो त्या यंत्राशी एकदा नोंदवून घ्यावा लागतो. मला हे ठाऊक होते, पण वायफाय असलेल्या घरांत ते आपोआप होऊन जात असल्यामुळे त्यावर बोलायची वेळ कधी आली नव्हती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी शेठकडे पाहिले. गर्दीच्या दिवशी सील फोडून दुकानातच सगळे लावून द्यायचे म्हणजे काउंटर अडून राहणार. शेठ कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

डेमोच्या टीव्हीला कन्सोल जोडला, दुकानाच्या वायफायवर ड्राइव्हची नोंद केली आणि सिस्टीमचे ताजे सॉफ्टवेअर उतरायला लावले. ते उतरेपर्यंत बाकीचे प्रश्न झाले. घरच्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मास्तरांनी फोनमध्ये काढून आणला होता. 32 इंची साधा एचडी टीव्ही, पण कन्सोलची वायर लावायची एचडीएमआयची खाच दिसत होती. शेठ एव्हाना जवळ येऊन उभे होते आणि 43 इंची 4के, म्हणजे जास्त बारकाईचे चित्र दाखवणाऱ्या, टीव्हीवर नाताळची सवलत आहे, हे त्यांनी सहज सुचवल्यासारखे सांगितले. मी मास्तरांना म्हटले, आहे त्या टीव्हीवर खेळ उत्तम चालेल, चित्र तेवढे 4केमध्ये दिसणार नाही, आणि मुलांना पहिले वर्षभर ते कळणारही नाही. शेठनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती पगाराच्या दिवसापर्यंत टिकली.

विजेचा प्रश्न मात्र मी काढला. सत्तरीत पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतरच्या गडगडाटात वीज कितीदा जाते ते मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. खेळ चालू असताना हे यंत्र साधारण 200 वॅट खाते आणि चालू असताना अचानक बंद पडणे त्याच्या साठवणीला मानवत नाही. घरचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे ओढतो एवढेच त्यांना ठाऊक होते. तो साइन-वेव्ह, म्हणजे तारेतल्या विजेसारखीच वीज देणारा, असेल तरच कन्सोल त्यावर लावा, नाहीतर वीज परत येईपर्यंत बंद ठेवा, आणि ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा, असे मी सांगितले. त्यांनी ते तीन ओळींत लिहून घेतले.

खाते उघडण्याचे काम सर्वांत लांबले. मुलाच्या ईमेलवर येणारा कोड जहाजावरून वेळेत मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून कुटुंबाचे मुख्य खाते मास्तरांच्याच नावाने उघडले आणि त्याखाली दोन्ही मुलांची खाती जोडली. रोज किती वेळ खेळायचे, कुठल्या वयोगटाचे खेळ उघडायचे, महिन्याला किती पैसे खर्च करता येतील, हे सगळे तिथे ठरवता येते. वेळ त्यांनी शाळेच्या दिवशी एक तास आणि सुट्टीत दोन तास असा घातला. खर्चाच्या रकान्यात आधीपासून शून्यच होते, तरी त्यांनी ते शून्य मला पुन्हा उघडून दाखवायला लावले.

त्यामागे कारण होते. नातवाला फुटबॉल हवा होता. डिस्क काढून दिली तर तिच्या खोक्यावर पेगीचा हिरवा 3 छापलेला. ही युरोपातली वयोगटाची खूण, आपल्याकडे खेळांसाठी स्वतःचे असे प्रमाणपत्र नाही. मास्तरांनी विचारले की तीन वर्षांच्या मुलाला चालणाऱ्या खेळावर पैशाविषयी काय लिहिले आहे. मी समजावले की वयाचा आकडा खेळातला हिंसाचार, भाषा वगैरे पाहून दिलेला असतो. खेळाच्या आत खऱ्या पैशांनी बंद पाकिटे घेता येतात, त्यातून कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर, आणि त्याची सूचना वेगळी छापतात. “म्हणजे मटका,” मास्तर म्हणाले. गोव्यात या शब्दाला पुढे काही जोडावे लागत नाही. तो भाग फक्त ऑनलाइन चालतो आणि वायफायशिवाय मूल तिकडे फिरकणार नाही, हे ऐकल्यावरच डिस्क पिशवीत गेली.

नातीसाठी वेगळा खेळ घ्यावा लागला नाही. प्रत्येक प्लेस्टेशन 5मध्ये ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ आधीपासून भरलेला असतो, तो तिच्या वयाला योग्य आहे. मी तो दोन मिनिटे चालवून दाखवला. छोटा रोबो वाळूतून चालताना हातातला कंट्रोलर जो बारीक थरथरतो तो मास्तरांनी स्वतःच्या हातात घेऊन अनुभवला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच कागदावर काही लिहायचे राहून गेले. दुसरा कंट्रोलर घ्याच, असा आग्रह मी केला. तो तेव्हा सहा हजारांच्या आसपास जात होता, पण दोन भावंडे आणि एक कंट्रोलर असलेल्या घरात भेट दिल्याच्या संध्याकाळीच रडारड सुरू होते. मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “फळ्यासमोर दोन मुले आणि खडू एकच, तसे होईल,” आणि त्यांनी दुसराही घेतला.

जहाजावरून मुलाला आपल्या मुलांबरोबर खेळता येईल का, हेही त्यांनी विचारले होते. तिकडे यंत्र हवे, दोन्हीकडे चांगले इंटरनेट हवे आणि वर वर्गणी हवी, म्हणून नाही असेच सांगावे लागले.

सगळे आवरून खोके पुन्हा बंद करताना त्यांनी वायरी मूळच्या घड्यांप्रमाणे घालायला लावल्या, कारण मुलांच्या हाती ते नवेकोरे पोचायला हवे होते. बिल, वॉरंटीचे कागद आणि पासवर्ड लिहिलेली वही आतल्या खिशात गेली. दुपारच्या वाळपईच्या बसला त्यांना पोचवायला दुकानातला मुलगा स्कूटरवर गेला.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. पडद्यावर नवे सॉफ्टवेअर घ्या असा संदेश येत होता, सुनेच्या फोनवरून ते अर्ध्यावर तुटत होते, आणि वाळपईत पुतण्याकडे संगणक आहे, त्याचा काही उपयोग होईल का, असे ते विचारत होते. होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ती यंत्राला देता येते. त्यासाठी पेनड्राइव्हमध्ये ‘पीएस5’ नावाचा फोल्डर करायचा आणि त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचा दुसरा. मी सांगत होतो, ते लिहून घेत होते, आणि दोन्ही नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांतच हवीत का, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारले.