पहाटे चार वाजता खुर्चीत कोण?

ड्रोन तुकडीला माणसं किती लागतील, याचा तक्ता मी पहिल्यांदा मांडला तेव्हा विमानं मोजली होती. चार विमानं, प्रत्येकामागे इतकी माणसं, झाला गुणाकार. वरिष्ठांनी कागद परत केला आणि एवढंच विचारलं, "पहाटे चार वाजता खुर्चीत कोण आहे?"

तेव्हापासून मी खुर्चीपासून, म्हणजे जमिनीवर स्क्रीनसमोर बसून ड्रोन चालवणाऱ्याच्या जागेपासून, सुरुवात करतो. अखंड टेहळणी म्हणजे वर्षाचे 8,760 तास. एका माणसाच्या 365 दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण, कोर्स वजा केले की माझ्या हिशेबात जेमतेम 210 दिवस उरतात. आठ तासांची पाळी धरली तर सव्वापाच माणसं पुरतील असं वाटतं. पण आठही तास कुणी स्क्रीनसमोर नसतं. आधी ब्रीफिंग, नंतर अहवाल, मध्ये डोळ्यांना विश्रांती. शिवाय पाळी बदलताना नवा माणूस दहा-पंधरा मिनिटं जुन्याच्या पाठीशी उभा राहून तेच दृश्य बघतो. ती पांढरी गाडी केव्हापासून उभी आहे, त्या अंगणात मुलं खेळत होती का, हे त्याला आधीच्याकडूनच कळणार असतं. ही मिनिटं कापायला मी कधीच तयार होत नाही.

प्रत्यक्ष पाच तास धरले की आकडा आठच्या पुढे जातो. अमेरिकी हवाई दल अशा एका टेहळणीसाठी दहा क्रू धरत आलं, ते म्हणूनच मला पटतं. रीपर या त्यांच्या ड्रोनच्या क्रूत वैमानिक आणि सेन्सर ऑपरेटर असे दोघे, म्हणजे वीस माणसं झाली. विमान उडवून-उतरवून देणारे, मेकॅनिक, व्हिडिओ बघणारे विश्लेषक वेगळेच. 'मानवरहित' या शब्दाने आमच्या कामाचं फार नुकसान केलं आहे.

सगळ्यात जास्त वाद होतो तो प्रशिक्षकांवरून. ते त्याच अनुभवी माणसांतून येतात. कामाला माणसं कमी पडली की आधी प्रशिक्षक ओढले जातात, मग पुढची बॅच लहान निघते आणि तूट आणखी वाढते. 2015 च्या सुरुवातीला अमेरिकी हवाई दलाने सांगितलेले आकडे मला पाठ आहेत. वर्षाला 180 ड्रोन वैमानिक तयार होत होते, हवे होते 300, आणि 240 या कामातून बाहेर पडत होते.

परवा माझ्या मसुद्यातले सहापैकी दोन प्रशिक्षक 'तात्पुरते' काढायला सांगितलं गेलं. एकाच्या हाताखाली चार जण शिकतात. त्या रकान्यासमोर 'पुढची बॅच आठने कमी' असं लिहून मी कागद परत पाठवला.