ओढ्याच्या तळाशी राहणारे मासे

हिरण्यकेशी नदी सिंधुदुर्गातल्या आंबोलीला उगम पावते, पण पश्चिमेचा समुद्र जवळ असूनही ती पूर्वेला वळून आजरा आणि गडहिंग्लजच्या बाजूने घटप्रभेला मिळायला जाते. उगमाशी गुहेतून झरा बाहेर येतो, तिथे महादेवाचे देऊळ आहे आणि देवळापाशी कुंड आहे. याच कुंडातून २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही लोच माशाची नवी जात नोंदवली गेली आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथले २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. बोटभरही लांबी नसलेल्या माशासाठी एवढे क्षेत्र पुष्कळ आहे, असे काही जण त्या वेळी माझ्यापाशी म्हणाले होते. मला ते क्षेत्र लहानच वाटले, कारण लोच मासा नदीत राहतो हे विधान मुळात अर्धेच खरे आहे. तो नदीच्या एखाद्या विशिष्ट तुकड्यात राहतो.

लोच म्हणजे तोंडाभोवती मिशा असलेले, तळाशी वावरणारे गोड्या पाण्यातले लहान मासे. आपल्याकडे काही भागांत त्यांच्यातल्या पुष्कळ जातींना सरसकट 'मुरा' म्हणतात. त्यांचा पसारा मुख्यतः आशियात आहे. तिबेट आणि लडाखच्या थंड प्रवाहांत ट्रिप्लोफायसा कुळी आढळते, सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांत मत्स्यालयांतून लोकप्रिय झालेला नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा क्लाऊन लोच राहतो, तर चीन-जपानकडच्या भातखाचरांतला डोजो लोच पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून श्वसन करतो. पण मी स्वतः पाण्यात उतरून पाहिलेले मासे सह्याद्रीचे आहेत, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

जानेवारीत, पाणी नितळ झाल्यावर, एखाद्या ओढ्याच्या वीस-तीस पावलांच्या अंतरात शांतपणे बसून पाहिले, तर तळ एकसारखा नाही हे आधी लक्षात येते. जिथे पाणी गोट्यांवरून खळाळत जाते तिथे शिस्टुरा कुळीचे मासे असतात. गोटा उचलला की अंगावर आडवे पट्टे असलेला मासा चुटकन शेजारच्या गोट्याखाली शिरतो. त्याच्या थोडे खाली, पाणी मंदावून बारीक वाळू साचते तिथे लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस वाळूत अंग गाडून घेतो आणि बहुधा फक्त डोळे वर ठेवतो. या जातीच्या नावातली उष्णता श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांतून आली आहे, कारण तिचे पहिले वर्णन तिथल्या नमुन्यांवरून झाले. पिवळसर अंगावर गडद पट्टे असलेला बोटिया स्ट्रायटा मोठ्या दगडांच्या फटी पसंत करतो. तो कृष्णेच्या आणि तुंगेच्या खोऱ्यातला, पश्चिम घाटाबाहेर न सापडणारा मासा असून आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याचे देखणेपण त्याच्या मुळावर आले, कारण मत्स्यालयांच्या बाजारासाठी तो थेट ओढ्यांतूनच धरला जातो. बोटिया आणि लेपिडोसेफॅलिक्थिस यांच्या डोळ्याखाली एक काटा असतो, जो मासा घाबरला की उभा राहतो. हा काटा जाळीत असा अडकतो की मासा सोडवताना आपलेच बोट सोलवटते. शिस्टुराला तो नसतो, त्यामुळे हाताला लागलेल्या काट्यावरून निदान कुळाची ओळख पटते.

सर्वांत जोराच्या धारेत बॅलिटोरा राहतो. त्याचे पोट सपाट असते, छातीचे व पोटाचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात आणि वायुपिशवी लहान झालेली असते, त्यामुळे तो तरंगण्याऐवजी खडकाला धरून राहतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी अशा धबधब्याच्या पाण्यातल्या माशांचा आयुष्यभर अभ्यास केला. ईशान्य भारत आणि आग्नेय आशियात सापडणारी कुळी मधला मोठा प्रदेश सोडून एकदम पश्चिम घाटात कशी दिसते, या प्रश्नातूनच हे मासे सातपुड्याच्या वाटेने आले असावेत हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत पुढे आला. त्यावर नंतर बरेच आक्षेप घेतले गेले, पण माशाच्या पोटाच्या आकारावरून उपखंडाच्या भूगोलाला प्रश्न विचारण्याचे धाडस मला आजही मोहवते.

पुण्याच्या परिसरातून इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली वर्णन केलेला इंडोरिओनेक्टेस एव्हेझार्डी हा दिसायला साधा मासा आहे, पण बस्तरमधल्या कोटमसर गुहेच्या अंधारात त्याच्याच जातीची मानली गेलेली मंडळी फिकट रंगाची आणि बारीक डोळ्यांची झाली आहेत. केरळात तर लोच जमिनीखालच्या पाण्यात पोहोचले आहेत: कोझिकोड जिल्ह्यातल्या विहिरीतून २०१९ साली नोंदवलेल्या पँजिओ भुजिया या जातीला पाठीचा पर नाही आणि पोटाचे परही नाहीत, आणि तिचे नाव आपण चहाबरोबर खातो त्या भुजियावरूनच ठेवले आहे. जांभ्याच्या थरांतल्या पाण्यात राहणारा हा मासा विहिरीत कोणी डोकावल्याखेरीज दिसणे शक्यच नाही.

माझ्या गावच्या ओढ्याचे काही वर्षांपूर्वी खोलीकरण झाले. यंत्राने चार दिवसांत गोटे, खडी आणि वाळू काढून काठावर ढीग घातले, कडा सरळ केल्या आणि ओढ्याचा नाला झाला. पाणी साठले, त्याचा विहिरींना उपयोगही झाला, हे मी नाकारत नाही. मात्र पुलाखालच्या त्या संथ, चिखलट पाण्यात आता मला फक्त डासांसाठी कोणी तरी सोडलेले गप्पी मासे दिसतात. पुलाच्या वर ओढा अरुंद होऊन करवंदीच्या जाळीत शिरतो, तिथवर यंत्र जाऊ शकले नाही. गेल्या जानेवारीत मी तिथला एक गोटा उचलला, तेव्हा पट्ट्यांचा मुरा नेहमीसारखाच शेजारच्या गोट्याखाली गेला.