दिवजांच्या व्हिडिओत मावशी दिसली पाहिजे

यंदा दिवजांना, म्हणजे बायका दिवज नावाचे पेटते दिवे घेऊन देवळात जमतात त्या गोव्यातल्या उत्सवाला, फोंड्याकडच्या आमच्या गावच्या देवळात मी मोबाईलवर शूटिंग केलं, लॅपटॉपवर बसून नीट कापलं-जोडलं आणि पेनड्राईव्ह घरच्या टीव्हीला लावला तर काय, नुसत्या ज्योती काळोखात तरंगतायत आणि बायका गायब. मावशी पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "अरे, माझं तोंड कुठे गेलं?" लॅपटॉपवर तिच्या नथीची चमकसुद्धा दिसत होती हो!

मग सगळे करतात तेच केलं, टीव्हीचा ब्राईटनेस वाढवला. काळोख राखाडी झाला, गाभाऱ्यासमोरची ती सुंदर रात्र धुरकट दिसायला लागली, पण मावशी काही परत आली नाही आणि ज्योतींचे पांढरे ठिपके तसेच.

दोन रात्री घालवल्यावर कळलं की भानगड लेव्हलची आहे. आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला 0 ते 255 मधला आकडा असतो, तीच लेव्हल, पण टीव्हीच्या हिशेबात 16 म्हणजे काळा आणि 235 म्हणजे पांढरा, सिग्नल इकडेतिकडे उसळला तर दोन्ही टोकांना जागा राहावी म्हणून. डिजिटल टीव्हीच्या 1982 च्या 601 स्टँडर्डपासून हे चालत आलंय. काही मोबाईल मात्र पूर्ण 0 ते 255 वापरतात आणि फाईलमध्ये तशी खूण ठेवतात. माझ्या एक्सपोर्टमध्ये ती खूणच पुसली गेली, मग टीव्हीने आपला नेहमीचा हिशेब लावला. स्कोपवर, म्हणजे चित्रातला उजेड आकड्यांत दाखवणाऱ्या आलेखावर, बघितलं तर मावशीच्या गालाची सावलीकडची बाजू 12 च्या आसपास होती, म्हणजे टीव्हीसाठी काळ्याहूनही काळी, कापूनच टाकली त्याने.

म्हणून ब्राईटनेस वाढवायचा नाही, सगळी रेंज दाबून 16 ते 235 मध्ये बसवायची. 12 चे होतात 26, ज्योतीचे 250 होतात 231, दोघंही वाचतात. मी डाविंची रिझॉल्व या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या डेटा लेव्हल्स फुल (0 ते 255) केल्या आणि एक्सपोर्टला व्हिडिओ (16 ते 235) ठेवलं, बस. याच्या उलट झालं, म्हणजे टीव्ही लेव्हलचा व्हिडिओ फुल समजून दाखवला गेला, तर चित्र फिकं, धुतल्यासारखं दिसतं, तेव्हाही आधी हेच तपासा, कॉन्ट्रास्टला हात नंतर.

रंगाचं म्हणाल तर टीव्हीचा व्हिव्हिड मोड आधी बंद करा, त्यात सगळं निळसर होतं आणि पिवळा उजेड मरतो. मूव्ही मोड आणि वॉर्म टोन ठेवला तेव्हा तेलाच्या दिव्याचा उजेड तेलाच्या दिव्यासारखा दिसला, कुंकूही कुंकवासारखं. आणि हे रात्री खोलीतला लाईट बंद करून बघायचं, दुपारी खिडकी उघडी ठेवून काळ्या रंगाचा अंदाज येतच नाही.

काल परत लावला. मावशीने हातातल्या दिवजेच्या पाच वाती मोजल्या, मग "थांब, मागे घे" करत दोनदा तोच शॉट बघितला, तिच्या मागे आई उभी होती ते मलाही तेव्हाच दिसलं. आता गेल्या दोन वर्षांचं शूटिंग मूळ फाईलींवरून पुन्हा काढतोय, त्यातही हीच चूक झालीय.